अंगठ्याची जागा

माझ्या वर्गात पहिल्याच दिवशी मी पोरींचे अंगठे बांधते. सुती कापडाची पट्टी घ्यायची, अंगठा तर्जनीला लावून ठेवायचा, वेढे द्यायचे आणि गाठ मारायची. दोन्ही हातांना. मग सांगते, आता असंच राहायचं. केस विंचरायचे, बटणं लावायची, चहा गाळायचा, सगळं याच हातांनी. आधी पोरी हसतात, मग रडकुंडीला येतात, आणि त्यानंतर मला मनातल्या मनात शिव्या घालतात. घालू देत. माझ्या नाकावर राग असतो हे साऱ्या संस्थेला ठाऊक आहे, त्यात थोडी भर.

कारण साधं आहे. या पोरी परदेशी जाऊन म्हाताऱ्या, आजारी माणसांची सेवा करणार. म्हाताऱ्या माणसाची कातडी कांद्याच्या सालीसारखी झालेली असते. एका बाजूने चार बोटं आली आणि दुसऱ्या बाजूने अंगठा आला, की हाताची सांडशी होते. सांडशीने पातेलं उचलतात, माणूस नाही. म्हणून अंगठा बोटांच्या शेजारी, तळवा सपाट, आणि उचलायचं ते नेहमी खालून. पट्टी सोडल्यावरही अंगठा आपल्या जागी गुमान पडून राहायला लागला, की मी म्हणते, चला, आता शब्द शिकू.

शब्द म्हणजे इंग्रजी. तिथली देखरेख करणारी बाई एक शब्द टाकणार आणि तो पोरीच्या हाताला कळला पाहिजे. त्यातही धरण्याचे शब्द माझे खास. ते मी फळ्यावर शिकवत नाही, एकमेकींच्या दंडावर शिकवते. होल्ड म्हणजे नुसतं धरणं, झोपलेल्या लेकराचं डोकं धरतो तसं. ग्रिप म्हणजे पक्की पकड, पण ती चाकाच्या खुर्चीच्या मुठीवर, माणसावर नाही. कुणी रडत असेल तर त्याचा हात आपल्या दोन तळव्यांत घ्यायचा, तो क्लॅस्प. क्लच करतो तो घाबरलेला माणूस, बुडणारा फळकुट धरतो तसा. क्लिंगमध्ये जीव गुंतलेला असतो, सोडवत नाही म्हणून बिलगून राहायचं. क्लेंचला तर दुसरं माणूसही लागत नाही, आपलीच मूठ आपणच आवळायची. आणि शेवटी ग्रॅब. खसकन पकडणं.

"हा शब्द ओळखता आला पाहिजे, करता यायला नको," मी दरवर्षी सांगते. "माणूस पडत असेल तर तेवढ्यापुरता. एरवी या शब्दाला माझ्या वर्गात उभं राहायलाही जागा नाही."

यंदा यावर एक पोर मागून म्हणाली, "बाई, धरायला एवढे शब्द, आणि सोडायला किती?"

"लेट गो. तेवढं पुरे."

"म्हणजे त्यांनाही धरायचीच हौस दांडगी!"

सगळा वर्ग खिदळला. त्या पोरीचं नाव मी टकळी ठेवलं होतं. तोंडाचा पट्टा सकाळी सुरू झाला की दिवे लागेपर्यंत चालायचा. पण हात! मी इतकी वर्षं शिकवते आहे, असा हात क्वचित येतो वाट्याला. ती पेशंटला उठवायची तेव्हा पेशंटला वाटायचं आपण आपलेच उठलो. म्हणूनच सरावासाठी घर द्यायची वेळ आली, तेव्हा मी तिला माझ्या आईकडे पाठवलं.

आई दादाकडे असते. मेंदूला झटका येऊन गेल्यापासून ती खुर्चीत आणि पलंगात. तिचे सगळे शब्द गेले, एक तेवढा उरला आहे, 'हो'. जेवलीस का, हो. झोपतेस का, हो. आणि तिचा उजवा हात वेगळाच वागायला लागला. तळव्याला काही लागलं की बोटं मिटतात, मिटली की उघडत नाहीत. चमचा, पडदा, कुणाची बाही, काहीही. डॉक्टरांनी त्याला ग्रास्प म्हटलं आणि समजावून सांगितलं, की यात त्यांची मर्जी नसते, हात आपोआप धरतो. ओढलंत तर आणखी घट्ट होईल. मनगट हळूच आत वळवा, हाताच्या पाठीवरून बोटं फिरवा, मूठ आपली आपण सुटते.

हे मी दादा-वहिनींना समोर बसवून करून दाखवलं होतं. वहिनींनी करून पाहिलं. दादा मोबाईलवर अंगठा फिरवत होता. "हो, हो, कळलं," म्हणाला. मला तेव्हाच म्हणायचं होतं, की हो म्हणायचं काम आईकडे आहे, तू बघ. पण त्याच्याच घरात बसून भांडण नको म्हणून गप्प बसले.

पोरींची तोंडी परीक्षा परवावर आली होती. परदेशातली परीक्षक पडद्यावरून शब्द सांगणार आणि पोरींनी तो करून दाखवायचा. त्याआधी सराव केलेल्या घराने मुलीबद्दल चांगला शब्द द्यावा लागतो, नाहीतर परीक्षेला बसताच येत नाही. टकळीच्या घरी तिच्या जाण्याकडे सगळे डोळे लावून बसले होते. मला काळजी एकच होती, ही पडद्यासमोर फार बोलेल.

सकाळी वर्ग चालू असताना दादाचा फोन आला.

"ताबडतोब इकडे ये. तुझ्या त्या पोरीने आईचा हात काळानिळा करून ठेवलाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्ग तसाच टाकून निघाले. वाटेत एकच विचार डोक्यात, की मी शिकवलेल्या हाताने माझ्याच आईला. दादाच्या मजल्यावर पोचले तर दाराबाहेर, चपलांच्या शेजारी, टकळीची पिशवी ठेवलेली. पिशवीतून डब्याचं झाकण डोकावत होतं. सकाळचा डबासुद्धा खाऊ दिला नव्हता पोरीला, पण त्या क्षणी मला ते जाणवलं नाही.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी आत शिरले ती थेट तिच्यावरच.

"काय केलंस तू?"

"मी काही केलं नाही, बाई."

"मग आपोआप झालं? भुताने केलं?"

"हात पुसायला बाही वर केली तर तसं दिसलं. मीच वहिनींना हाक मारली. मी केलं असतं तर दाखवलं असतं का?"

"तोंड चालवू नकोस!"

"तोंडच चालवते मी, बाई," ती ताडकन म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते. "हात कसा चालवायचा ते तुम्हीच शिकवलंय."

दादा आईच्या खुर्चीशेजारी उभा होता. कामावर जायचे कपडे, कडक इस्त्री, आणि बोलणंही तसंच. "ऐकतेस ना? वर ही मिजास. मी तुमच्या संस्थेच्या मोठ्या मॅडमना फोन केलाय. या मुलीचं नाव परीक्षेतून काढा म्हटलं. आज आपल्या आईचा हात, उद्या तिकडे कुणाची मान मोडेल. आणि मी काही हवेत बोलत नाही. आईला विचारलं मी, या मुलीने केलं का? आई हो म्हणाली."

इथे मला पहिल्यांदा थोडी शुद्ध आली.

"दादा, आई सगळ्यालाच हो म्हणते. तिला विचार, तू हत्ती आहेस का. तरी हो म्हणेल."

"थट्टा नकोय मला."

"मलाही नकोय."

मी आईसमोर जमिनीवर बसले. तिची बाही वर केली. उजवं मनगट. बाहेरच्या बाजूला ओळीने चार डाग, आतल्या बाजूला, जिथे नाडी पाहतात तिथे, एकच डाग, पण मोठा. जांभळा, कडेला निळसर पसरलेला. म्हणजे आजचा नव्हता. त्या मोठ्या डागावर मी माझा अंगठा हवेत धरून पाहिला. माझा अंगठा त्यात बुडून वर जागा उरत होती.

मी नुसती बघत राहिले. हे होल्ड नव्हतं. ग्रिपही नव्हतं. वर्गात ज्या शब्दाला मी उभं राहू देत नाही, तो माझ्या आईच्या मनगटावर उमटला होता. आणि त्यात अंगठा होता.

"टकळे," मी म्हटलं, "आईला खुर्चीतून उठव."

"अजिबात हात लावायचा नाही तिने!" दादा ओरडला.

"उठव म्हणते ना मी!"

ती आली. रागाने नुसती थरथरत होती. मला वाटलं, आता हात चुकणार, अशा वेळी कुणाचाही चुकेल. पण ती आईसमोर वाकली, "आजी, उठायचं हं," म्हणाली, आणि दोन्ही तळवे आईच्या कोपरांखाली सपाट गेले. अंगठे बोटांना लागून. आई उभी राहिली, पुन्हा बसली. टकळीचे अंगठे जागचे हलले नाहीत. या पोरीला आता ठरवूनसुद्धा तशी सांडशी करता आली नसती.

"हा हात हिचा नाही," मी म्हटलं. "हिला अंगठा लावायची सवयच उरलेली नाही."

"वा! काय पुरावा!" दादा हसला. "अंगठा म्हणे. अगं, घाईत कुणाचाही अंगठा निघतो. तुझ्यासमोर परीक्षा दिल्यासारखं करणारच ती. मागे कोण बघतंय? या पोरी अशाच असतात. समोर आजी-आजी, आणि पाठ वळली की..."

मी वहिनींकडे पाहिलं. वहिनी खिडकीचा पडदा सारखा करत होत्या. तो सारखाच होता.

दादाचं चालूच होतं. विश्वास, जबाबदारी, माझी आई, माझं घर. बोलता बोलता तो आईच्या खुर्चीवर झुकला, तिच्या खांद्यावर हात ठेवायला. लेक आहे ना, तसं दिसलं पाहिजे. त्याची बाही आईच्या तळव्याला लागली आणि आईची बोटं मिटली.

दादाने बोलणं थांबवलं नाही. खाली पाहिलंही नाही. नुसतं 'च्' केलं आणि दुसऱ्या हाताने आईचं मनगट खसकन पकडलं. वरून. चार बोटं बाहेर, अंगठा आत. त्याचा तो मोठा अंगठा त्या मोठ्या डागावर डब्याचं झाकण बसावं तसा बसला. त्याने एक हिसका दिला. आईच्या तोंडून बारीक आवाज निघाला.



त्याने खाली पाहिलं ते तेव्हा. आपला हात पाहिला. बोटं अशी उघडली, जणू आईचं मनगट तापलेलं होतं. डाग पुन्हा दिसायला लागले, एकेक, जिथल्या तिथे. आईने बाही सोडली नव्हती. ती कशी सोडणार?

"काल," वहिनी पडद्याकडे बघत म्हणाल्या, "ही मुलगी घरी गेल्यावर. यांना बाहेर जायचं होतं. आईंनी शर्ट धरला. मी म्हटलं होतं, ताईंना फोन करू या."

"तू गप्प बस," दादा म्हणाला. पण आवाजातली इस्त्री गेली होती.

"त्या का गप्प बसतील?" मी उठले. माझे स्वतःचे हात मुठी आवळून होते, हे मला तेव्हा दिसलं. "कालपासून गप्पच आहेत की! तुझ्यासाठी मूग गिळून बसल्या. आणि तू? चोराच्या उलट्या बोंबा! सकाळी पोरीने डाग दाखवला, तेव्हा तुला ठाऊक होतं. मला फोन केलास तेव्हा ठाऊक होतं. मोठ्या मॅडमना फोन केलास तेव्हासुद्धा."

"मी काय मुद्दाम केलं? ती सोडतच नव्हती! रोज हेच. मी निघालो की धरते. चिकटून बसते. माणसाने कामंधामं करायची की नाही?"

"ती तुला धरत नाही, दादा. तिचा हात धरतो. तुझ्या जागी पडदा असता तर पडदा धरला असता. एवढा भाव नको खाऊस. तुला समोर बसवून शिकवलं होतं मी. तू मोबाईल बघत होतास."

तो काहीतरी म्हणायला गेला. मी म्हणू दिलं नाही.

"तू मुद्दाम नाही केलंस. मान्य. वैतागलास, ओढलंस, लागलं. मला कळवलं असतंस तर मी दोन शब्द सुनावले असते, वर्षभर आठवण करून दिली असती आणि मलम लावलं असतं. पण ते या पोरीच्या गळ्यात घातलंस, ते मुद्दाम. तिची पिशवी बाहेर ठेवलीस, ती मुद्दाम. आणि आईला त्यात साक्षीदार केलंस, जिला नाही म्हणताच येत नाही! लाज नाही वाटली?"

एव्हाना टकळी पुढे आली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिने आईचं मनगट खालून तळव्यावर घेतलं, हळूच आत वळवलं, हाताच्या पाठीवरून बोटं फिरवली. आईची मूठ सैल झाली. दादाची बाही सुटली, चुरगळलेली. "झालं हं, आजी," टकळी म्हणाली. दादाकडे तिने पाहिलंही नाही.

"फोन लाव," मी दादाला म्हटलं.

"कुणाला?"

"कुणाला ते तुला माहीत आहे."

त्याने फोन लावला. "मॅडम, सकाळी मी बोललो होतो... हां, त्याबाबत जरा गैरसमज झाला..."

"दादा!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी काचेची बरणी फोडून माझं नाव सांगायचा, आणि पकडला गेला की असाच बघायचा. तेव्हा मी सोडून द्यायची. आज नाही.

"गैरसमज नाही," तो फोनमध्ये म्हणाला. थांबला. "तो हात माझा होता. त्या मुलीचा नाही. तिचं काम चांगलं आहे. तिला बसू द्या परीक्षेला."

पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही. दादाचे कान मात्र लाल झाले. फोन ठेवून तो टकळीकडे वळला, तसाच पुन्हा फिरला. शेवटी तो दाराबाहेर गेला, तिची पिशवी उचलून आत आणली आणि स्टुलावर ठेवली. माफी मागणं त्याला तेवढंच जमलं. मला ते पुरेसं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

माझी पाळी राहिलीच होती. "टकळे, माझं चुकलं," मी म्हटलं. "हात बघायच्या आधी तुझ्यावर ओरडले."

"तुम्ही रोजच ओरडता, बाई," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण आजचं लागलं."

"लागणारच."

तिने पिशवी उचलली. "आता मी जाते. परवाची तयारी करायची आहे. उद्यापासून या घरात मी येणार नाही."

"नको येऊस," मी म्हटलं. वहिनींनी तिच्याकडे वळून हात अर्धवट पुढे केला आणि तसाच खाली घेतला. टकळी आईजवळ गेली, आईचा बरा हात आपल्या दोन तळव्यांत घेतला. क्लॅस्प. अगदी परीक्षेत करावा तसा. "येते हं, आजी."

"हो," आई म्हणाली.

दार लागलं. दादा घड्याळाकडे बघून म्हणाला, "मलाही आता निघायला..."

"हात पुढे कर," मी म्हटलं.

"काय?"

माझ्या पर्समध्ये पट्ट्या नेहमी असतात. मी त्याचा उजवा हात ओढला. हो, ओढला, अंगठा लावून, चांगला करकचून. त्याचा अंगठा तर्जनीला लावला, वेढे दिले आणि गाठ मारली. तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजला. त्याने सवयीने तो काढला आणि बांधलेल्या हाताने घ्यायला गेला. घेता येईना. फोन वाजून वाजून बंद झाला.

"आता बस आईसमोर."

तो बसला. मोठा माणूस, कडक कपडे, जमिनीवर मांडी घालून. मी त्याची डावी बाही आईच्या तळव्याला लावली. बोटं मिटली.

"सोडव."

त्याने ओढलं. आईची मूठ आणखी घट्ट झाली. "ओढू नकोस," मी म्हटलं. "खालून. आत वळव. पाठीवरून फिरव. हळू, ते पातेलं नाही." त्याचा बांधलेला हात अडखळत होता. त्या डागांना बोट लागू नये म्हणून तो वाकडातिकडा होऊन प्रयत्न करत होता. बऱ्याच वेळाने आईची करंगळी उघडली, मग बाकीची बोटं. बाही सुटली. दादाने माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते, मला दिसलं ते.

"पुन्हा," मी म्हटलं, आणि बाही परत आईच्या तळव्यात दिली.

त्याने पुन्हा सोडवली. या वेळी लवकर. मग मी न सांगता त्याने स्वतःच आपली बाही तिच्या हातात दिली. आई त्याच्याकडे बघत होती. कशी बघत होती ते मला सांगता येणार नाही, ती सगळ्यांकडे तशीच बघते.

"आई," दादा म्हणाला. "काल... दुखलं का गं?"

"हो," आई म्हणाली.

दादाने मान खाली घातली आणि तिच्या मुठीवर कपाळ टेकलं. आई सगळ्यालाच हो म्हणते. पण ते मी त्याला आठवून दिलं नाही.